सरव्याचें सुख

एका मनुष्याच्या सुखांत दुसऱ्याचा वाटा किती असावा, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. बहुतेक विचारवंतांनीं त्याचें उत्तर एकाच अंगानें दिलेलें आहे. सुख वांटून घ्यावें, वांटल्यानें तें वाढतें, असें तें उत्तर. तें खोटें नाहीं. सण, जत्रा, लग्नकार्य, गाण्याची बैठक हीं सारीं सुखें अनेकांच्या उपस्थितीवरच उभीं असतात. एकट्यानें खेळलेली होळी ही होळीच नव्हे. परंतु कांहीं सुखें अशींही आहेत कीं, तीं दुसऱ्यांच्या अनुपस्थितीमुळेंच निर्माण होतात. चार माणसें आलीं कीं तीं नाहींशीं होतात. अशा सुखाची नैतिक किंमत काय, तें निर्दोष मानावें कीं त्यांत स्वार्थाचा अंश आहे असें समजावें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो एका साध्या उदाहरणाच्या आधारें करावयाचा आहे. गर्दीचा हंगाम ओसरल्यावर सह्याद्रीच्या घाटांतून मोटारसायकलीवर एकट्यानें केलेला प्रवास, हें तें उदाहरण होय.

उदाहरण क्षुल्लक आहे असें एखाद्या गंभीर वाचकास वाटेल. जिला आपल्याकडे कौतुकानें वा तिरस्कारानें फटफटी म्हणतात, तिच्यावर बसून तत्त्वज्ञानाच्या गांवीं कसें पोंचावयाचें? परंतु नीतीचे प्रश्न लहान सुखांतच अधिक स्वच्छ दिसतात. कीर्ति, अधिकार, प्रेम या थोर सुखांभोंवतीं इतर हेतूंची इतकी गुंतागुंत असते कीं, मूळ धागा हातीं लागत नाहीं. रिकाम्या घाटांतून जाणाऱ्याला कोठें पोंचावयाचें नसतें, कांहीं मिळवावयाचें नसतें, आणि त्याला पाहावयास कोणी नसल्यामुळें मिरवावयाचेंही नसतें. सुख तेवढें उरतें, आणि त्याची परीक्षा करणें सोपें जातें.

प्रथम 'हंगाम' या शब्दाचाच विचार करूं. ऋतु निसर्गाचे असतात. हंगाम माणसांचे असतात. एकाच पर्वतावर हा भेद किती स्पष्ट दिसतो पाहा. महाबळेश्वरास उन्हाळ्यांत बहर येतो, आणि पावसाची पहिली मोठी सर आली कीं तेथील गर्दी ओसरते. वर्षास दोनशें इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या त्या पठारावर पूर्वीं पावसाळ्याच्या तोंडीं बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधीत, आणि हवा खाण्यास आलेली मंडळी देशावर परतत. उलट आंबोली, माळशेज, ताम्हिणी येथें आषाढ-श्रावणांतील रविवारीं धबधब्याखालीं उभें राहावयासही जागा मिळत नाहीं. म्हणजे ज्या सरींनीं एका ठिकाणचा हंगाम संपतो, त्याच सरींनीं दुसऱ्या ठिकाणचा सुरू होतो.

काळ पालटला कीं हंगामही उलटा होतो. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता, असें परंपरा सांगते. त्या घाटाचा, आणि १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता होण्यापूर्वींच्या साऱ्याच बैलवाटांचा हंगाम दसऱ्यापासून मृगापर्यंतचा असे. पावसाळ्यांत वाटा निसरड्या होत, ओढे दुथडी वाहत. म्हणून कोंकणचें मीठ वर आणि देशावरचें धान्य खालीं नेणारे तांडे कोरड्या दिवसांतच चढत-उतरत. आज ज्या माघ-फाल्गुनांत घाट ओस दिसतो, त्याच दिवसांत तो पूर्वीं बैलांच्या घुंगुरांनीं निनादत असे. तेव्हां घाटाची 'अवेळ' ही घाटाची अवस्था नव्हे. आपण त्याच्याकडे पाठ फिरविली, एवढाच तिचा अर्थ.

लोकांनीं पाठ फिरविल्यावर मागें काय उरतें? श्रावणांत सह्याद्रि हिरव्या वस्त्राखालीं झांकलेला असतो; डोळ्याला रंग दिसतो, आकार दिसत नाहीं. फाल्गुनांत गवत वाळून पिंवळें पडतें, ऐन-सागाचीं पानें गळतात, आणि कड्यांचे आडवे थर उघडे पडतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं एकामागून एक पसरलेल्या लाव्ह्याच्या त्या पायऱ्या आहेत. पर्वताची घडण कशी झाली, हें समजावयास हेच दिवस योग्य. जेथें धबधबा गर्जत होता, तेथें काळ्या कातळावर वाळलेल्या शेवाळाचा एक पट्टा तेवढा राहिलेला असतो. आणि त्या पट्ट्यावरून पाण्याची वाट जितकी कळते, तितकी भर पावसांत पाण्याकडे पाहूनही कळत नाहीं. सांवर निष्पर्ण असतांनाच फुलते. पळस आणि पांगारा यांचेंही तसेंच. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनीं भरतात, आणि त्यांचा वास सकाळच्या वेळीं थेट रस्त्यापर्यंत येतो.

हा वास कांचा लावून मोटारींत बसलेल्यास मिळत नाहीं. मोटारसायकलीवरील मनुष्याची गोष्ट निराळी. उंची हजार मीटरनीं वाढली कीं हवेचें तपमान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें, हा पुस्तकांतील नियम. पण घाट चढतांना तो नियम त्याच्या मनगटाला आणि गळ्याला कळतो. वळण घेऊन उन्हाच्या कुशींतून सांवलीच्या कुशींत शिरतांना थंडाव्याची एक भिंतच अंगावर येते. कोठें वणव्यानें जळलेल्या गवताचा वास, कोठें आंब्याच्या मोहोराचा, कोठें कोळशाच्या धुराचा. पायीं चालणाऱ्यालाही हें सारें मिळतें, आणि अधिक मिळतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु पायीं चालणाऱ्यास न मिळणारी एक गोष्ट मोटारसायकलींत आहे. ती म्हणजे वळणांची लय.

दुचाकी नुसती वळत नाहीं. तिला कलावें लागतें. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग ताशीं ३० किलोमीटर असेल तर सुमारें २० अंश, आणि ४० असेल तर सुमारें ३२ अंश कलल्यावांचून तोल राहत नाहीं. त्यांत आणखी एक चमत्कार आहे. उजवीकडे वळावयाचें असल्यास हँडल आधीं क्षणभर डावीकडे वळवावें लागतें. तेव्हांच गाडी उजवीकडे कलते. हजारों स्वार हें रोज करतात आणि त्यांतील बहुतेकांना आपण तसें करतों याची जाणीवही नसते. शरीराला ठाऊक असलेली गोष्ट बुद्धीला मागाहून कळावी, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. घाटांत अशीं वळणें एकामागून एक येतात, आणि एकांतून बाहेर पडण्याची रीत हीच दुसऱ्यांत शिरण्याची तयारी ठरते. गवयाला ठेका सांपडावा तसा स्वाराला रस्ता सांपडतो. हंगामांत हें होत नाहीं. पुढच्या मोटारीच्या मागच्या दिव्यांवर डोळा ठेवून, थांबत-सरकत जाण्यांत वळण हें केवळ विघ्न असतें. रस्ता मोकळा झाल्यावरच वळणाला अर्थ येतो.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत भव्यतेचा विचार करतांना म्हटलें आहे कीं, भयंकर दृश्यें आनंद देतात तीं पाहणारा सुरक्षित जागीं उभा असला तरच. कठड्याला टेकून दरी पाहणाऱ्या प्रवाशास हें वर्णन तंतोतंत लागू पडतें. पण मोटारसायकलस्वार दरीचा प्रेक्षक नसतो. ती त्याच्या डाव्या वा उजव्या हातास वितभर अंतरावरून सरकत असते, आणि तिच्यापासूनचें अंतर त्याचें त्यालाच राखावयाचें असतें. म्हणून त्याच्या सुखांत भव्यतेच्या दर्शनाखेरीज आणखी एक घटक मिसळलेला असतो. आपलें चित्त पूर्णपणें एका ठिकाणीं लागलें आहे, याचें तें समाधान होय. घरच्या चिंता, कालची बोलाचाली, उद्यांचें देणें यांना त्या वेळीं मनांत जागाच नसते.

इतकें सुखाचें वर्णन झालें. आतां त्याच्यावरील आक्षेप पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, हें सुख मुळांतच असामाजिक आहे. 'इतर नसावेत' ही इच्छा त्याच्या गाभ्यांत आहे, आणि जी इच्छा सर्वांनीं केल्यास कोणाचीच पुरी होणार नाहीं, ती नीतीच्या कसोटीस कशी उतरावी? या आक्षेपाला इतिहासांत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८४४ सालीं इंग्लंडांतील सरोवरप्रांतांत विंडरमियरपर्यंत आगगाडी नेण्याची योजना निघाली, तेव्हां वर्ड्‌स्वर्थनें वर्तमानपत्रांतून तिला कडाडून विरोध केला. डोंगरांच्या सौंदर्याची आवड ही हळूहळू संस्कारानें येणारी गोष्ट आहे, गिरणीगांवांतील लोकांचे जथे गाडींत घालून तेथें आणून सोडल्यानें त्यांचाही लाभ होणार नाहीं आणि प्रांताची शांतताही जाईल, असें त्याचें म्हणणें. गाडी अखेर १८४७ सालीं आलीच. ज्या कवीनें सामान्य माणसाच्या अंतःकरणाला काव्यांत मानाचें स्थान दिलें, त्यानेंच त्या सामान्य माणसाला आपल्या डोंगरापासून दूर ठेवूं पाहावें, ही गोष्ट वाचतांना मन खिन्न होतें. १९७६ सालीं फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञानें हाच प्रश्न निराळ्या भाषेंत मांडला. कांहीं वस्तूंचें मोल त्या इतरांना न मिळण्यावरच अवलंबून असतें. समाज कितीही श्रीमंत झाला तरी त्या सर्वांना पुरवितां येत नाहींत, असें त्याचें प्रतिपादन आहे.

तथापि येथें एक भेद केला पाहिजे. इतरांना अडवून मिळविलेला एकांत वेगळा, आणि इतरांनीं सोडून दिलेल्या वेळीं लाभलेला एकांत वेगळा. आपल्याकडे पीक कापून खळ्यांत गेल्यावर शेतांत गळून पडलेलीं कणसें वेंचतात. त्याला सरवा म्हणतात. सरवा वेंचणारा शेतांत आधीं शिरत नाहीं, कोणाच्या विळ्यापुढें हात घालीत नाहीं. मालकाची नजर ज्यावरून निघाली तेवढेंच तो उचलतो. हंगाम सरल्यावर घाटांत जाणारा मनुष्य असा सरवा वेंचीत असतो. धबधब्यांची रास इतरांनीं नेलेली असते, आणि गळून राहिलेलीं कणसें त्याच्या वांट्यास येतात. वर्ड्‌स्वर्थला शेताला कुंपण हवें होतें. याला कुंपण नको आहे. आणि सर्वांनींच असें केलें तर काय, या प्रश्नाचें उत्तर असें कीं, कसोटी कृतीला लावावयाची नसून तिच्यामागील नियमाला लावावयाची असते. सर्वांनीं शिक्षक व्हावें म्हटल्यास शेती कोण करणार, असें विचारून शिक्षकाचा धंदा कोणी अनीतीचा ठरवीत नाहीं. 'इतरांस न हटवितां, त्यांनीं सोडलेलें घ्यावें' हा नियम सर्वांनीं पाळला तर कोणाचेंच अहित होणार नाहीं. फार तर सरवा उरणार नाहीं. कांस पठाराची गोष्ट पाहा. २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली, आणि पुढें फुलांच्या दिवसांत तेथें प्रवेशशुल्क व रोजच्या संख्येची मर्यादा घालावी लागली. तें दुःखाचें असेल, पण तेथें जाणाऱ्या कोणाही एकाचा त्यांत अपराध नाहीं.

परंतु सरव्याच्या या उपमेंत एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सरवा हा ज्याला शेत नाहीं त्याचा हक्क. पेट्रोल जाळीत घाटांत येणारा मनुष्य त्या वर्गांत बसत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो ज्याला रिकामा घाट म्हणतो, तो रिकामा नसतोच. एका फाल्गुनांत वरंध घाटांतील एका चहाच्या टपरीवर मीं थांबलों होतों. दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. "मावशी, आज दुकान उघडं आहे म्हणजे नशीबच," असें मीं म्हटलें. चुलींत काटकी सारीत त्या म्हणाल्या, "घरी बसून तरी काय करायचं, दादा? एस्टीवाले थांबत्यात, तेवढाच आधार. पाऊस लागला की या, तवा बसाया जागा नसती." त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. हिशेब मात्र होता, आणि तो माझ्या हिशेबाच्या अगदीं उलट होता. मी ज्याला शांतता म्हणत होतों, ती त्यांच्या घरचा तोटा होती. पावसाळ्यांतील कणसांची आणि भज्यांची गर्दी, जिच्यापासून मी दूर पळत होतों, तिच्यावर त्यांचें वर्ष उभें होतें.

यावरून मोटारसायकलस्वारानें घरीं बसावें असें निघत नाहीं. त्यानें घरीं बसण्यानें टपरीचा एक पेला चहा कमीच होईल. यावरून निघतें तें एवढेंच कीं, आपल्या सुखाचें नांव त्यानें खरें घ्यावें. घाट ओस पडला आहे असें म्हणूं नये. आपल्यासारखे लोक गेले आहेत असें म्हणावें. आणि गर्दीला नांवें ठेवूं नयेत. गर्दीनें वर्षभर जी चूल पेटती ठेवली, तिच्यावरचाच चहा तो पीत असतो. एक गोष्ट मात्र आडवेळीं आलेल्याला मिळते, जी हंगामांत आलेल्याला मिळणें कठीण. गिऱ्हाइकांची रीघ नसली कीं टपरीवाल्याला बोलावयास सवड असते, आणि गिऱ्हाईक थोडा वेळ पाहुणा होतें. पुढच्या वळणावर खडी पसरली आहे, अमुक पुलाचा कठडा तुटला आहे, वरच्या वाडीला पाण्यासाठीं दोन मैल जावें लागतें, हीं माहिती श्रावणांतील रविवारीं कोणी कोणास देत नाहीं.

दुसरा आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो पहिल्याहून अधिक गंभीर आहे. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांतील एका शांत रस्त्यावरून टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटारसायकलीवरून चालला होता. रस्त्याच्या खोलगटींत असलेलीं दोन सायकलस्वार मुलें त्याला वेळेवर दिसलीं नाहींत. त्यांना चुकवितांना तो फेंकला गेला, आणि सहा दिवसांनीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, मरण पावला. मुलें वांचलीं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला. शिरस्त्राणानें प्राण वांचतात ही गोष्ट प्रस्थापित होण्यास त्या अभ्यासाची मोठी मदत झाली.

मिल्लनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधांत जी मर्यादा घातली, ती येथें स्वाराच्या बाजूची वाटते. दुसऱ्याचें नुकसान होत नसेल तोंवर मनुष्य स्वतःच्या जिवाचा मालक आहे. पण लॉरेन्सच्या कथेंत खरें महत्त्व त्या दोन मुलांना आहे. तीं खोलगटींत होतीं म्हणून रस्ता रिकामा दिसत होता. घाटांतला रिकामेपणाही असाच असतो. वळणापलीकडे म्हशी घेऊन निघालेला मुलगा असतो, डोक्यावर मोळी घेतलेली बाई असते, खालच्या गिअरमध्यें कण्हत चढणारी एस्टी असते. आणि स्वार एकटाच दरींत कोसळला तरी त्याचें नुकसान त्याच्यापुरतें राहत नाहीं. त्याला वर काढावयास जवळपासचे गांवकरी आणि गिर्यारोहक तरुण दोर लावून त्याच कड्यावरून उतरतात.

म्हणून घाटांत वेग किती असावा, याचा नियम साधा आहे. जितका रस्ता दिसतो तितक्यांत थांबतां आलें पाहिजे. आणि रस्ता अरुंद असेल तर त्याच्या निम्म्यांत, कारण समोरूनही कोणी येत असेल. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जातांना भानावर येण्यास एक सेकंद धरला तर तेवढ्यांत ११ मीटर जातात, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी सुमारें १०. वेग ६० झाला, म्हणजे दीडपट झाला, कीं ब्रेकचें अंतर सव्वादोनपट होतें, आणि एकंदर ४० मीटर लागतात. घाटांतील कित्येक वळणांवर ४० मीटर रस्ता दिसतच नाहीं. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्यानें वाट द्यावी, हा नियमही याच जातीचा आहे. चढणाऱ्याला एकदां थांबल्यावर पुन्हां निघणें जड जातें. ज्याला सोपें आहे त्यानें थांबावें.

या रस्त्यावरच्या हिशेबांत मला एक मोठें नीतितत्त्व दडलेलें दिसतें. जो मनुष्य आपणांस दिसत नाहीं, त्याला असलेला मानून वागावें, हें तें तत्त्व. हंगामांत तें शिकण्याची संधीच नसते. तेथें पुढें मोटार, मागें मोटार, बाजूला माणसें. संयम पाळावाच लागतो, आणि जो पाळावाच लागतो त्याचें श्रेय कोणास? पहारा नसतां चोरी न करणें हीच सचोटीची खरी कसोटी असें आपण मानतों. रस्ता मोकळा आहे, अडविणारा कोणी नाहीं, पाहणारा कोणी नाहीं, एंजिन जोरांत आहे, आणि तरीही वळणाआधीं स्वारानें हात आवरता घ्यावा, तो केवळ एका अदृश्य माणसासाठीं. त्या अदृश्य माणसाला कानही असतात. सायलेन्सर काढून दरी दणाणून सोडणारा स्वार कोणाला धक्का देत नसला तरी समोरच्या डोंगरावरील वाडीची दुपार तो हिरावून घेतो.

दोन्ही आक्षेपांचा निकाल मग एकाच ठिकाणीं येतो. हंगामाबाहेरच्या घाटाचें सुख निर्दोष होऊं शकतें; पण येथें कोणी नाहीं अशी समजूत करून घेतली कीं तें दूषित होतें. टपरीवरची बाई नाहीं असें मानलें कीं तें निर्दय होतें, आणि वळणापलीकडचा मुलगा नाहीं असें मानलें कीं तें प्राणघातक होतें. ज्याला एकांत म्हणतात तो माणसांच्या अभावावर उभा आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. वस्तुतः घाटांत सुखरूप एकटें राहतां येतें तें रस्त्यावर प्रत्येक क्षणीं कोणी तरी आहे हें मनांत वागविणाऱ्यालाच. आणि गंमत अशी कीं, त्यामुळें सुख उणें होत नाहीं. चित्त एका ठिकाणीं लागण्यांत जें समाधान आहे असें वर म्हटलें, तें या अदृश्य माणसाच्या विचारानेंच टिकून राहतें. त्याला विसरल्यावर जो उरतो तो नुसता वेग. वेगाची हौस सपाट सडकेवरही भागेल. त्यासाठीं सांवर फुलेपर्यंत थांबून, थंडींत कुडकुडत, घाट चढण्याचें कांहीं कारण नाहीं.